उत्सव कुणाचा, मांडव कुणाचा?

पूर आला नाही, साथ पसरली नाही, युद्ध पेटले नाही. तरीही फ्रान्समधील आंगुलेम शहरात जानेवारी २०२६ च्या अखेरीस भरावयाचा चित्रकथांचा आंतरराष्ट्रीय उत्सव भरला नाही. १ डिसेंबर २०२५ रोजी संयोजक कंपनीला तो रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. १९७४ पासून चालत आलेला, सुमारे दोन लाख माणसे खेचणारा, युरोपातील चित्रकथेच्या जगात सर्वांत मानाचा गणला जाणारा हा सोहळा कोलमडला, कारण ज्यांच्या रेघांवर तो उभा होता त्या चित्रकारांनी आणि कथाकारांनी एकत्र येऊन त्याकडे पाठ फिरवली. कलावंतांमागून प्रकाशक गेले, प्रकाशकांमागून सरकारी अनुदान डळमळले आणि मांडव रिकामा राहिला.

कॉमिक्स, ॲनिमेशन आणि संगणकीय खेळ म्हटले की आपल्याकडील अनेक जाणती माणसे खांदे उडवतात. हा पोरखेळ, फार तर मध्यमवर्गीय मुलांची चैन, कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्यात कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांकडूनही विचारला जातो. या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे आणि आंगुलेमच्या बहिष्कारातून आपण काय उचलावे हे मांडावे, यासाठी हा लेखप्रपंच. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: स्वतंत्र कलेचा उत्सव तेव्हाच स्वतंत्र राहतो, जेव्हा तो भरवण्याचा अधिकार कला निर्माण करणाऱ्यांच्या हाती असतो. हा अधिकार आपोआप मिळत नाही. तो इतर कोणत्याही कामगाराप्रमाणे संघटित होऊन, आणि वेळ आल्यास काम थांबवून, मिळवावा लागतो.

पोरखेळ म्हणणाऱ्यांसाठी

प्रथम पोरखेळाचा समाचार घेऊ. नर्मदेच्या खोऱ्यातील विस्थापितांचा लढा चित्रकथेतून मांडणारे ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ हे पुस्तक १९९४ साली निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन परधान गोंड चित्रशैलीत उभे करणारे, दुर्गाबाई व सुभाष व्याम यांच्या कुंचल्यातून उतरलेले ‘भीमायन’ २०११ साली प्रसिद्ध झाले. महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ला चित्ररूप देण्याचा प्रयत्नही त्याच वर्षी झाला. इराणमधील राज्यक्रांती आणि तिच्यानंतरची दडपशाही एका मुलीच्या नजरेतून सांगणारी मार्जान सात्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ ही चित्रकथा २००० सालापासून भागाभागाने पॅरिसमध्ये छापली गेली. २००७ साली तिचा ॲनिमेशनपट झाला आणि कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. धरण, जात आणि धर्मसत्ता यांच्याशी झुंज घेणाऱ्या या कृतींना पोरखेळ म्हणणाऱ्याने त्या उघडून पाहिलेल्या नाहीत, एवढेच म्हणता येईल.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पर्सेपोलिस’ कोणा बड्या प्रकाशनगृहाने काढली नाही. ती काढली ‘लासोसिआसिओं’ या संस्थेने. १९९० साली सात चित्रकारांनी एकत्र येऊन ही संस्था उभारली, कारण बड्या प्रकाशकांच्या साच्यात, ठरावीक पानांत, ठरावीक रंगांत, ठरावीक नायकांत त्यांचा जीव घुसमटत होता. साधने स्वतःच्या हाती घेतल्यावर त्यांना काळ्या-पांढऱ्या रेघांत एका देशाची शोकांतिका छापण्याची मुभा मिळाली. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा हा मूळ अर्थ आहे. आज बाजारात हा शब्द एखाद्या साबणाच्या वेष्टनावरील ‘नवा’ या शब्दाइतका स्वस्त झाला आहे, म्हणून त्याची आठवण करून द्यावी लागते.

आंगुलेममध्ये काय घडले

आंगुलेम हे चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचे, जुन्या कागदगिरण्यांचे शहर. चित्रकथेचे वेड असलेला एक स्थानिक नागरिक, नगरपालिकेतील एक पदाधिकारी आणि एक लेखक-संपादक, अशा तिघांच्या खटपटीतून तेथे १९७४ साली पहिला उत्सव भरला. फ्रान्समध्ये चित्रकथेला ‘नववी कला’ म्हणतात. त्या नवव्या कलेची ही पंढरी. हाताने चिकटवलेल्या, स्वखर्चाने काढलेल्या हौशी नियतकालिकांनाही तेथे १९८१ पासून पारितोषिक दिले जाऊ लागले. पुढे शहरात चित्रकथेचे संग्रहालय झाले, ग्रंथालय झाले, शिक्षणसंस्था आल्या. हे सारे सार्वजनिक पैशातून आणि सार्वजनिक इच्छेतून उभे राहिले.

उत्सवाचे नाव आणि हक्क एका संस्थेकडे होते. २००७ पासून मात्र प्रत्यक्ष कारभार ‘नवव्या कले’चेच नाव धारण करणाऱ्या एका खाजगी कंपनीकडे गेला. खर्चाचा जवळजवळ निम्मा वाटा राज्य, प्रांत आणि नगरपालिका यांच्या तिजोरीतून येई. कारभार आणि त्यातून येणारे वजन मात्र खाजगी. तोटा समाजाचा आणि मालकी कंपनीची, हे सूत्र आपल्याला काही नवे नाही. आपल्या नगरपालिकांतून रुग्णालये आणि बससेवा याच वाटेने गेलेल्या आपण पाहिल्या आहेत.

या व्यवस्थेत कलावंताचे स्थान काय होते? तो दिवसचे दिवस मेजामागे बसून वाचकांना पुस्तकावर चित्र काढून सही देई, आणि या श्रमाबद्दल त्याला मोबदला न देण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालली. तिकीट काढून आलेला वाचक ज्याच्यासाठी रांगेत उभा आहे, तोच तेवढा त्या मांडवात फुकट राबतो! फ्रान्समधील सुमारे पंधराशे चित्रकथाकारांची पाहणी करून २०१६ साली जे निष्कर्ष जाहीर झाले, त्यांनुसार त्यांतील ५३ टक्क्यांचे उत्पन्न कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाहून कमी होते आणि ३६ टक्के तर दारिद्र्यरेषेखाली होते. पुस्तकांच्या दुकानांत नव्या चित्रकथांचे ढीग लागत होते आणि त्या काढणारा हात घरभाड्याची चिंता करीत होता.

त्याच २०१६ साली आणखी एक ठिणगी पडली. उत्सवाच्या सर्वोच्च पुरस्कारासाठी तीस नावांची यादी निघाली आणि तीत एकही स्त्री नव्हती. तोपर्यंतच्या चार दशकांत नियमित महापुरस्कार मिळालेली स्त्री एकच: फ्लोरन्स सेस्ताक, २००० साली. स्त्री-चित्रकारांनी बहिष्काराची हाक दिली आणि यादीतील अनेक नामवंत पुरुषांनी आपली नावे मागे घेतली. संयोजकांनी आधी इतिहासाकडे बोट दाखवले. चित्रकथेच्या इतिहासातच स्त्रिया थोड्या, त्याला आम्ही काय करणार, असा तो युक्तिवाद होता. जणू इतिहास आकाशातून पडतो! अखेर यादीच रद्द करावी लागली. त्यानंतरच्या दहा वर्षांत रुमिको ताकाहाशी, ज्युली दुसे, पोझी सिमंड्स आणि आनुक रिकार या चार स्त्रियांना महापुरस्कार मिळाला. चाळीस वर्षांत एक आणि दहा वर्षांत चार, हा फरक रेघेच्या गुणवत्तेत पडलेला नाही. तो दबावामुळे पडला.

जानेवारी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों उत्सवाला आले. सरकारने ते वर्ष ‘चित्रकथेचे वर्ष’ म्हणून जाहीर केले होते. ज्यूल या व्यंगचित्रकाराने त्यांच्या हाती एक सदरा दिला. त्यावर उत्सवाचे बोधचिन्ह असलेले मांजर होते, परंतु त्याचा एक डोळा फुटलेला होता. निदर्शकांवर रबरी गोळ्या झाडून पोलिसांनी अनेकांचे डोळे निकामी केले होते, त्याची ती खूण. राष्ट्राध्यक्षांनी तो सदरा हाती धरून छायाचित्रही काढून घेतले, आणि पोलिसांच्या संघटना खवळल्या. कलावंतांच्या दारिद्र्याबाबत सरकारने मागवलेला अहवालही त्याच महिन्यात बाहेर आला. अहवाल आला, छायाचित्र आले. कलावंताच्या हाती मात्र फारसे काही पडले नाही.

मग २०२५ उजाडले. जाँ जोरेस यांनी १९०४ साली स्थापन केलेल्या ‘ल्युमानिते’ या दैनिकाच्या साप्ताहिकाने जानेवारीत उत्सवाच्या कारभाराची चौकशी छापली. २०२४ च्या उत्सवात आपल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार करणाऱ्या एका कर्मचारी स्त्रीला पुढे नोकरीवरून काढण्यात आले, ही बाब त्या चौकशीने उजेडात आणली. कंपनीने आरोप नाकारले. त्याच वर्षी एका खाद्यगृहसाखळीशी केलेल्या प्रायोजकत्वाच्या करारामुळे उत्सवाचे हसे झाले होते. वसंतात शेकडो कलावंतांनी उत्सव सोडण्याची भाषा जाहीरपणे केली. तरीही पुढील कारभाराची निवड करताना हक्कधारक संस्था नोव्हेंबरमध्ये पुन्हा त्याच कंपनीकडे झुकली, आणि मग बांध फुटला. त्या वर्षीच्या महापुरस्काराच्या मानकरी आनुक रिकार यांच्यासह पूर्वीचे अनेक मानकरी बहिष्कारात उतरले. शेकडो स्त्री-चित्रकारांनी स्वतःचा वेगळा बहिष्कार पुकारला. ज्यांना गमावण्यासारखे फारसे नव्हते त्या तरुणांबरोबर, ज्यांना सर्व काही मिळाले होते असे बुजुर्गही उभे राहिले. ही एकजूट आपल्या कामगार चळवळीलाही दरवेळी साधलेली नाही.

तीन आक्षेप

या बहिष्कारावर तीन आक्षेप घेतले गेले. ते आपल्याकडेही उद्या घेतले जातील, म्हणून त्यांना आजच उत्तर देऊन ठेवणे श्रेयस्कर.

पहिला आक्षेप: कलावंत हा कामगार नव्हे. तो आपल्या आनंदासाठी निर्मिती करतो, त्याला संपाची भाषा शोभत नाही. या आक्षेपाचे मूळ मालकाच्या सोयीत आहे. सुताराला रंधा मारताना आनंद होत नाही काय? शिक्षिकेला शिकवताना, परिचारिकेला रुग्ण बरा होताना समाधान वाटत नाही काय? त्या समाधानापोटी त्यांचे वेतन कापावे असे कोणी उघडपणे म्हणत नाही. कलावंताबाबत मात्र ते निर्लज्जपणे म्हटले जाते. एका पानावर दिवसेंदिवस मान मोडून बसणारा माणूस श्रम करीत असतो, आणि त्या श्रमावर प्रकाशक, वितरक, विक्रेता आणि संयोजक यांची घरे चालतात. मग तो श्रमिक नाही तर कोण आहे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उत्सव बुडाल्याने खरा मार लहान प्रकाशकांना बसला, आंगुलेममधील खानावळी आणि लॉजवाल्यांना बसला. बड्या प्रकाशनगृहांना काय फरक पडतो, असे म्हटले गेले. हे खरे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. चार दिवसांच्या विक्रीवर वर्षाचा मोठा हिशेब बसवणाऱ्या लहान प्रकाशकाला हा फटका जिव्हारी लागणारा होता. परंतु कोणत्या संपात पहिला मार संप करणाऱ्याला बसत नाही? १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपाने मुंबईला हे शिकवले आहे. गिरणगावात भांडी विकली गेली ती कामगारांची, मालकांची नव्हेत. त्या संपाचा दुसरा धडाही विसरता कामा नये: एकाकी पडलेला संप मरतो. आंगुलेमचा बहिष्कार परिणामकारक ठरला, कारण तो एकाकी पडला नाही. प्रकाशकांनी साथ सोडली असती, अनुदान देणाऱ्या सार्वजनिक संस्थांनी कंपनीची पाठराखण केली असती, तर चित्रकार आज काळ्या यादीत असते. शिवाय बहिष्कार नुसता ‘नाही’ म्हणून थांबला नाही. वेगवेगळ्या शहरांत आपापले मेळे भरवण्याची हाकही त्यातूनच निघाली.

तिसरा आक्षेप व्यवस्थापनशास्त्राचा. एवढा मोठा सोहळा खाजगी कंपनीशिवाय चालवणार कोण? याला इतिहासच उत्तर देतो. १९७४ ते २००७ ही तेहतीस वर्षे तो त्या कंपनीशिवाय चाललाच होता, आणि त्याच वर्षांत तो जगाची पंढरी झाला. कंपनीने पंढरी उभारली नाही. तिने चालू वारीत बडव्याची जागा पटकावली.

अडत्या नवा, अडत जुनी

चित्रकथेपुरतीच ही कहाणी असती तर आम्ही एवढी पाने खर्च केली नसती. संगणकीय खेळ रचणाऱ्या स्वतंत्र कारागिराची स्थिती पाहा. दोघे-तिघे मित्र तीन-चार वर्षे खपून एखादा खेळ तयार करतात. त्यांच्यावर मुकादम नाही, घड्याळ नाही. वरवर पाहता ते संपूर्ण स्वतंत्र. पण खेळ विकायला नेला की वेशीवर अडत्या बसलेला. ‘स्टीम’ ही या व्यवहारातील सर्वांत बडी बाजारपेठ विक्रीतून ३० टक्के कापून घेते. २०१८ च्या अखेरीस तिने सवलत जाहीर केली, ती कोणाला? ज्या खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे जाईल त्याला त्यापुढच्या रकमेवर २५ टक्के आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे अल्पभूधारकाला पुरी अडत आणि बागायतदाराला सूट! आपल्या कांदाउत्पादकाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत, आणि ती आशा देणारी आहेत. ‘इच’ नावाच्या २०१३ सालापासूनच्या एका लहान बाजारपेठेत वाटा किती द्यायचा हे खेळ करणाराच ठरवतो. ‘ब्लेंडर’ या ॲनिमेशनच्या प्रणालीची गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावी. ती बनवणारी डच कंपनी २००२ साली बंद पडली. तेव्हा वापरणाऱ्यांनी जगभरातून वर्गणी काढून अवघ्या सात आठवड्यांत एक लाख युरो उभे केले, प्रणालीचे हक्क विकत घेतले आणि ती सर्वांसाठी कायमची खुली केली. याच फुकट हत्यारावर लाटव्हियातील गिन्ट्स झिल्बालोडिस या तरुणाने आपल्या लहानशा चमूसह ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट केला. सुमारे ३५ लाख युरोंत झालेल्या, एकही संवाद नसलेल्या, पुरात वाहत चाललेल्या एका मांजराच्या या चित्रपटाला जून २०२४ मध्ये आन्सीच्या ॲनिमेशन महोत्सवात चार पारितोषिके मिळाली आणि २ मार्च २०२५ रोजी ऑस्करही मिळाले. हॉलिवूडच्या बड्या कारखान्यांचे चित्रपट मागे पडले. सामुदायिक मालकीचे साधन निकृष्ट असते, असे सांगणाऱ्या पंडितांनी या मांजराकडे एकदा पाहावे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘फ्लो’ला ऑस्कर मिळण्याच्या आठवडाभर आधी, फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस, ‘टेक्निकलर’ हा दृश्यपरिणामांचा बडा आंतरराष्ट्रीय उद्योगसमूह कोसळला. ‘मुफासा’सारख्या चित्रपटांतील सिंह याच समूहाच्या कारखान्यांत घडले होते. बंगळूर आणि मुंबईतील सुमारे तीन हजार माणसे एका रात्रीत रस्त्यावर आली. महिन्याचा पगारही हाती पडला नाही. हे प्रथमच घडले असेही नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ रंगवणारी ‘रिदम अँड ह्यूज’ ही कंपनी, ज्या महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळाले त्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली होती. तिचेही कारखाने मुंबई आणि हैदराबादेत होते. सोहळ्याच्या सभागृहाबाहेर तेव्हा कामगारांनी निदर्शने केली, आणि आत व्यासपीठावर त्यांच्या अडचणींचा उल्लेख सुरू होताच मोठ्याने संगीत वाजवून वक्त्याचा आवाज बुडवण्यात आला. वाघ जिवंत वाटतो. तो जिवंत करणारा मात्र कोणाला दिसत नाही.

१ मे, वांद्रे-कुर्ला संकुल

या पार्श्वभूमीवर मुंबईकडे वळू. टेक्निकलर कोसळून दोन महिने झाले होते. १ मे २०२५ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये ‘वेव्हज’ ही मनोरंजन उद्योगाची जागतिक शिखर परिषद भरली. पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. ॲनिमेशन, खेळ आणि चित्रकथा यांचा त्या चार दिवसांत मोठा गौरव झाला. नवनिर्मितीच्या ३२ स्पर्धा झाल्या आणि त्यांसाठी सुमारे एक लाख जणांनी नोंदणी केली. ‘नारिंगी अर्थव्यवस्था’ असे या क्षेत्राचे नवे बारसे करण्यात आले. कामगार दिनी भरलेल्या त्या जत्रेत एक शब्द मात्र घरातील नावडत्या नातेवाइकासारखा दाराबाहेर ठेवला गेला: कामगार. त्याच्या जागी ‘क्रिएटर’ आला. क्रिएटरला आठ तासांचा दिवस नसतो, भविष्यनिर्वाह निधी नसतो, युनियन नसते. त्याला असते ती फक्त संधी.

मागोमाग १६ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने या क्षेत्राच्या धोरणाला मंजुरी दिली. ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद, ५० हजार कोटींच्या गुंतवणुकीचे लक्ष्य, दोन लाख रोजगार. रोजगाराची संख्या मथळ्यात आली. त्याची प्रत आली नाही. चित्रपट संपला की नोकरी संपते, अशा कंत्राटी रोजगाराची बेरीज करून दोन लाखांचा आकडा गाठता येतो, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला कायद्याचा पक्का आधारही देऊन ठेवला आहे.

सार्वजनिक क्षेत्राचे काय झाले, तेही पाहू. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली मुंबईत आपला कार्टून विभाग सुरू केला. राम मोहन यांच्यासारखा, भारतीय ॲनिमेशनचा पाया घालणारा कलावंत तेथे घडला. सरकारी नोकरीत, नियमित पगारावर. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. पेडर रोडच्या त्याच आवारात जुलै २०२५ मध्ये नवी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी’ सुरू झाली. उद्योगसंघटना तिच्या भागीदार आहेत आणि गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲडोब यांच्याशी तिचे सहकार्याचे करार आहेत. याच संस्थेमार्फत देशातील १५ हजार माध्यमिक शाळांत व ५०० महाविद्यालयांत निर्मिती-प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा १ फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. शाळेतील मुलाच्या हाती चित्र काढण्याचे नवे साधन येणार असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करू. मात्र ते साधन कोणाच्या मालकीचे असेल, हा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही.

मुंबईला या बाबतीत स्वतःची परंपराही आहे, आणि ती आपल्याच घरातली आहे. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव फिल्म्स डिव्हिजनने १९९० साली सुरू केला. २००४ च्या महोत्सवासाठी केवळ भारतीय चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. चित्रपटकर्त्यांनी देशभर एकजूट करून ती अट मागे घ्यायला लावली. तेव्हा निवडीच्या नावाखाली गुजरात दंगलींवरील ‘फायनल सोल्यूशन’सारखे अडचणीचे चित्रपट वगळण्यात आले. या कलावंतांनी मग रडगाणे गायले नाही. त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा आपला महोत्सव भरवला. तेथे ना लाल गालिचा होता, ना प्रायोजक. एका कामगार पक्षाची वास्तू स्वतंत्र चित्रपटांचे घर झाली. आंगुलेमच्या वीस वर्षे आधी मुंबईने हा मार्ग दाखवला होता, याचे स्मरण आज फारच थोड्यांना आहे.

कर्तव्य काय?

म्हणून केवळ निषेध नोंदवून हा लेख संपवणे बरोबर होणार नाही. मागण्या नेमक्या असाव्यात आणि त्या संघटनेच्या बळावर पुढे रेटल्या जाव्यात.

पहिली मागणी हत्यारांची. १५ हजार शाळांतील प्रयोगशाळा सार्वजनिक पैशातून होणार आहेत. तेथे ब्लेंडरसारख्या खुल्या प्रणालीच शिकवल्या गेल्या पाहिजेत. वर्षाला भाडे मोजावे लागणाऱ्या परदेशी प्रणालीची सवय मुलांना शासकीय खर्चाने लावणे म्हणजे पुढच्या पिढीला जन्मभरासाठी कुळ करून ठेवणे होय.

दुसरी मागणी हक्कांची. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातील गीतकार, संगीतकार व लेखक यांना मानधनातील असा वाटा मिळाला की जो ते करारानेही सोडून देऊ शकत नाहीत. ही दुरुस्ती साहित्यकृती आणि संगीतकृती यांपुरती आहे. ज्याने पात्राची पहिली रेघ ओढली त्या चित्रकाराला तीत जागा नाही. ही उणीव भरून काढलीच पाहिजे.

तिसरी मागणी उत्सवांची. ज्या सोहळ्यात सार्वजनिक पैशाचा एक रुपयाही जातो, त्याच्या नियामक मंडळावर कलावंतांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत, मांडवात केलेल्या प्रत्येक कामाला मोबदला असावा, आणि २०१३ च्या कायद्यानुसार स्त्रियांच्या तक्रारींची खरीखुरी यंत्रणा असावी. उत्सव हेही कामाचे ठिकाण आहे. आंगुलेममध्ये हे मान्य व्हायला सोहळा बुडावा लागला.

चौथी गोष्ट मागणी नव्हे; ते आपले स्वतःचे काम आहे. अंधेरी, मालाड, गोरेगाव येथील स्टुडिओंत रात्रपाळीला पडद्यासमोर बसलेली मुले-मुली आपल्याच चाळींतून, आपल्याच जिल्ह्यांतून आलेली आहेत. शिकवणी वर्गाची फी भरायला त्यांच्या आईवडिलांनी कर्ज काढलेले असते. त्यांच्यातील बहुसंख्य आज असंघटित आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे त्यांचेच काम चाटून तयार होत आहेत. जून २०२५ मध्ये आन्सीच्या महोत्सवात निरनिराळ्या देशांच्या ॲनिमेशन कामगार संघटनांनी याविरुद्ध एकत्र आवाज उठवला. आपल्या स्टुडिओंच्या फाटकावर तो आवाज पोहोचवणार कोण? चित्रपटसृष्टीतील प्रकाशयोजनाकार, सुतार, कनिष्ठ कलावंत यांच्या संघटना बांधण्याचा दीर्घ अनुभव मुंबईत आहे. तो अनुभव घेऊन या फाटकांवर जाणे, त्यांची भाषा शिकणे, त्यांच्या रजांचा, जादा तासांचा, थकलेल्या बिलांचा प्रश्न हाती घेणे, हे काम पुढच्या १ मेची वाट न पाहता सुरू करता येईल.

आणि आपली सभागृहे, वाचनालये, संघटनांची कार्यालये वर्षातून दोन दिवस या मंडळींना मोकळी करून द्यावीत. त्यांनी आपली पुस्तके मांडावीत, आपले लघुपट दाखवावेत, आपले खेळ वस्तीतील मुलांना खेळू द्यावेत. विक्रीचा पैसा पुरा त्यांचा. त्यासाठी जिओ वर्ल्ड सेंटर लागत नाही. सतरंजी, पांढरा पडदा आणि वर्गणी काढण्याची तयारी एवढ्यावर महाराष्ट्रात आजवर पुष्कळ मोठी कामे झाली आहेत.